फीडबॅक मागता कशाला मग?

"ताई, हा गेम सगळ्यांसाठी नाही. थोडा सराव करा."

गेम बनवणाऱ्या पोरांनी फीडबॅक मागितला म्हणून दीड पान लिहिलं होतं मी. दीड पान! शनिवारी कोथरूडला यांच्या प्लेटेस्टला, म्हणजे रिलीजआधी गेम खेळवून मतं घेतात त्याला गेले, रात्री घरी येऊन डेमो परत खेळले, रविवारची अख्खी दुपार त्यात घातली. आणि सोमवारी सकाळी हे एका ओळीचं उत्तर. वर हसरा चेहरा.

सराव? नव्वदच्या दशकात सदाशिव पेठेतल्या वाड्यात कॅसेटी फुंकून फुंकून खेळलेली बाई आहे मी. अवघड गेमचं मला वावडं नाही. यांच्या गेममधल्या गडावरच्या तुटक्या पुलापाशी मी 47 वेळा दरीत पडले आणि त्यातल्या कितीतरी वेळा बटण वेळेत दाबलेलं होतं. हवेत बोलत नाहीये. मोबाइलवर सेकंदाला 240 फ्रेमचा व्हिडिओ काढला. बोट बटणावर टेकल्यापासून त्या मावळ्याचे पाय सुटेपर्यंतच्या फ्रेम एकेक करून मोजल्या. 40 भरल्या! म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. त्याच मॉनिटरवर, त्याच कंट्रोलरने दुसरा गेम लावला तर 18. कारणही शोधून दिलं: तुमचा मावळा आधी गुडघे वाकवतो, ते ॲनिमेशन पुरं होतं आणि मग कुठे उडी सुरू होते. उडी आधी सुरू करा, गुडघे खाली उतरताना वाकवा, असं उपायासकट लिहिलं. यावर सराव करा? उशीर तुमचा आणि सराव मी करायचा?

कड्यावरून पाऊल सुटल्यावरही क्षणभर उडीचं बटण चालू द्या, हेही लिहिलं होतं. 'सेलेस्ट' नावाच्या उड्या मारायच्या गेममध्ये ती सवलत 0.1 सेकंदाची आहे. 2018 चा गेम, खेळणाऱ्याचा घाम काढतो, पण मेलो तर चूक आपली हे लगेच कळतं. शिवाय ज्याला हवं त्याला वेग निम्म्यापर्यंत कमी करता येतो. त्याने त्या गेमचं काय बिघडलं? यांना मात्र सोपा पर्याय म्हटलं की 'आमचं व्हिजन' आठवतं. ठेवा ना दरी रुंद! अजून रुंद करा. मी दरीबद्दल बोलतच नाहीये, मी बटणाबद्दल बोलतेय!

आणि गेममधले ते बखर वाचणारे आजोबा. मेलं की 12 सेकंद आजोबा. स्किप नाही. 47 वेळा ऐकले, नऊ मिनिटांच्या वर झाली. बटणं बदलता येत नाहीत. डावखुऱ्यांनी काय करायचं? मागे अशाच एका गेममध्ये ऑटोसेव्ह नव्हता, गुरुवारी लाइट गेली आणि तीन तास पाण्यात गेले. तेव्हाही उत्तर हेच: इन्व्हर्टर घ्या.

सगळ्यात डोकं फिरतं ते "आपल्या मराठी पोरांनी केलंय, सांभाळून घ्या" म्हणणाऱ्यांमुळे. अहो, आपल्या पोरांनी केलंय म्हणूनच तर रविवार घातला! 2020 मध्ये पुण्यातल्याच टीमचा 'राजी' हा गेम आला तेव्हा ऑफिसात पेढे वाटले होते मी. या गेममधला पावसातला तो गड, ती चिलखतं, तो बुरुजावरचा चौघडा, इतकं सुंदर काम आजवर मी पाहिलं नाही, आणि हेही पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं. तेवढंच त्यांनी उचलून जाहिरातीत टाकलंय.

शनिवारी माझ्या शेजारी कॉलेजचा एक मुलगा बसला होता. त्याच पुलावरून सहा वेळा पडला. दर वेळी कंट्रोलरकडे बघायचा, आपलंच बोट चुकलं का म्हणून. सातव्यांदा हेडफोन काढून ठेवला, "भारी आहे दादा" म्हणाला, फॉर्मवर पाच स्टार दिले आणि निघून गेला. त्याला त्यांनी स्टिकर दिला. जिन्यात मी विचारलं, रिलीज झाल्यावर घेणार का रे? मान हलवून म्हणाला, "नाही ओ, मला नाही जमत असले गेम."