कोयीतून आंबा येतो, हापूस येत नाही

मे महिना लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक निरोप न चुकता येतो. यंदा तो पाच जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी तर एकाच दिवशी. गोषवारा असा: "हापूस खाल्ल्यावर कोय फेकू नका. धुऊन उन्हात खडखडीत वाळवा, पावसाळ्यात अंगणात किंवा कुंडीत लावा आणि तीन वर्षांत घरचा हापूस खा. कोयीच्या झाडाला सोटमूळ असतं, ते शंभर वर्षं जगतं. नर्सरीवाले गळ्यात मारतात ती कलमं बिनमुळाची, पंधरा वर्षांत मरणारी आणि बहुतेक फसवी. आपल्या पणजोबांनी कधी कलमं विकत घेतली होती?" खाली जोडलेले दोन हात आणि एक हिरवं झाड.

मोकळ्या माळावर कुणी पन्नास कोयी पेरणार असेल तर मी त्याला पाणी घालायला जाईन. पण घराच्या अंगणात आंब्याचं झाड एकच मावतं, फार तर दोन. तिथली चूक कळायला आठ-दहा वर्षं लागतात, आणि कळते तेव्हा झाड पार गच्चीपर्यंत गेलेलं असतं, तोडायला हात धजत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"हापूसची कोय लावली की हापूसच येतो."

नाही येत. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीभवनातून तयार झालेला असतो. आई हापूस, हे नक्की. बाप कोण, ते मोहरावर बसलेल्या माशीला विचारा. (आंब्याच्या मोहरावर राबणारे कीटक म्हणजे मुख्यतः माश्या. मधमाश्यांना उगाच सगळं श्रेय जातं.) बागेच्या बांधावर रायवळ असेल तर तो, पलीकडे पायरी असेल तर ती. शिवाय आई-बाप दोन्ही हापूस असले तरी मूल हापूस होईलच असं नाही, कारण हापूस स्वतःच जुन्या सरमिसळीतून आलेला आहे. माणसाची मुलं आईबापांची छापील प्रत नसतात, तसंच हे. म्हणून कोयीपासून आलेल्या झाडाला आपल्याकडे सरसकट रायवळ म्हणतात, मग कोय कुणाची का असेना.

यावर हमखास उत्तर येतं: "आमच्या मामांकडे कोयीचं झाड आहे, आंबा अगदी हापूससारखा." असेल की. त्यातला "सारखा" तेवढा लक्षात घ्या. शेकड्यात एखादं झाड चांगलं निघतं, क्वचित आईपेक्षाही सरस निघतं. आपल्या जुन्या नामांकित जाती बहुतेक अशाच कुणाच्या तरी कोयीतून योगायोगाने आल्या. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रावर मुद्दाम नीलम आणि हापूस यांचा संकर करून रत्ना काढला, पुढे रत्ना आणि हापूस यांच्यातून सिंधू. पण तिथे रोपं अनेक होती, वर्षानुवर्षं फळं चाखून त्यातलं एक निवडलं आणि बाकीची सोडून दिली. तुमच्या अंगणात रोप एकच आहे, निवडणार कशातून? गंमत म्हणजे सिंधूची कोय पापडासारखी पातळ असते, आत बी जवळजवळ नसतंच. निरोपवाल्यांनी सिंधू आणला तर लावायला काही उरणारच नाही.

एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. काही जाती बहुभ्रूणी असतात. एका कोयीतून दोन-तीन-चार कोंब फुटतात आणि त्यातले बरेचसे आईच्याच पेशींपासून आलेले, म्हणजे हुबेहूब आईसारखे असतात. केरळकडच्या ओलूर, चंद्रकारन अशा जाती या प्रकारातल्या, थायलंडचा नाम डॉक मायसुद्धा. त्यांची कोय लावून तीच जात मिळू शकते. निरोप मुळात अशाच कुठल्या तरी मुलखात जन्मला असेल आणि मग त्यात कुणी "हापूस" घुसवला असेल, असा माझा आपला तर्क. हापूस, केसर, पायरी, दशहरी, लंगडा हे सगळे एकभ्रूणी. त्यांना हा नियम लागू नाही.

"उन्हात खडखडीत वाळवा."

इथे तर निरोप स्वतःचाच घात करतो. आंब्याची बी म्हणजे गहू-ज्वारी नव्हे. ती सुकली की मेली. कोय धुवावी, सावलीत दोन दिवस ठेवून वरचा गर सुकवावा आणि लगेच मातीत घालावी, फार तर दोन-तीन आठवड्यांत. मेमध्ये वाळवून गाडीच्या डिकीत ठेवलेल्या आणि जुलैत घाटात फेकलेल्या कोयींतून फारसं काही उगवत नाही.

"तीन वर्षांत फळ."

तीन वर्षांत फळ देऊ शकतं ते कलम, कोय नव्हे. डोळकाडी, म्हणजे कलमासाठी जोडायची काडी, मोठ्या, फळत्या झाडाची असते, तिचं बालपण संपलेलं असतं. म्हणून कलम कधीकधी लावल्याच्या वर्षीच मोहरतं, आणि तो मोहर आपण खुडायचा असतो. पहिली तीन-चार वर्षं खुडायचाच, नाहीतर झाड आंब्याच्या नादात वाढायचं विसरतं. कोयीच्या झाडाला मात्र सगळं बालपण काढावं लागतं. सहा ते दहा वर्षं धरा.

"कलमाला सोटमूळ नसतं."

हा मुद्दा ऐकला की मला प्रश्न पडतो, सांगणाऱ्याने आंब्याचं कलम कधी जवळून पाहिलं असेल का. आंब्याचं कलम बांधतात ते रायवळ कोयीपासून उगवलेल्या रोपावरच! खालचा खुंट कोयीचा, मुळं कोयीची, वर फक्त काडी हापूसची किंवा केसरची. कोकणात रूढ असलेल्या कोय कलमात तर कोय अजून रोपाला चिकटलेली असते. जेमतेम दोन आठवड्यांचं तांबूस पानांचं रोप घ्यायचं, त्याचा शेंडा छाटून मध्ये चीर द्यायची, तेवढ्याच जाडीची डोळकाडी पाचरीसारखी तासून बसवायची आणि प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. म्हणजे निरोप ज्या कोयीचे गोडवे गातो, तीच कोय प्रत्येक कलमाच्या बुडाशी बसलेली आहे.

गोंधळ बहुधा गुटी कलमावरून झाला असावा. डाळिंबाची फांदी सोलून, मॉस बांधून मुळं फोडतात, त्या रोपाला खरोखरच सोटमूळ नसतं. आंब्याची कलमं तशी करत नाहीत.

तरी या मुद्द्यात एक कण खरा आहे. पिशवीत दोन-दोन वर्षं पडून राहिलेल्या कलमाचं सोटमूळ तळाशी गुंडाळत जातं आणि तसंच लावलं तर जन्मभर गुंडाळलेलंच राहतं. त्यावर उपाय दोन. एक, लहान, वर्षभराचं कलम घ्या. माणसाच्या उंचीचं, कैऱ्या लगडलेलं कलम दिसायला देखणं असतं, पण ते घेऊ नका. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: खड्ड्यात आधी रायवळ कोयीच लावा, रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की पुढच्या पावसाळ्यात जागेवरच कलम बांधून घ्या. सोटमूळ सरळ खाली जातं आणि वर हवी ती जात येते.

पंधरा वर्षांत मरण्याबद्दल एवढंच सांगतो की कोकण कृषी विद्यापीठाला जुन्या, अवाढव्य वाढलेल्या हापूस बागांच्या पुनरुज्जीवनाचं तंत्र शोधावं लागलं. पंधराव्या वर्षी मरणाऱ्या झाडांसाठी कुणी असलं काही शोधत नाही.

"कलमं फसवी निघतात."

इथे मी थोडा हळवा होतो, कारण फसलेल्यांत मीही आहे. आमच्या पुण्याच्या घरामागे मी केसरचं कलम लावलं होतं. दुसऱ्या उन्हाळ्यात ते वरून वाळलं. आठवडाभर सुतक पाळल्यासारखा होतो. मग पहिल्या पावसानंतर बुंध्यातून लालसर, जोमदार फूट आली आणि मी घरभर ओरडत सुटलो की आंबा जगला. त्याला शेणखत घातलं, आळं केलं, काठीचा आधार दिला. नवव्या वर्षी आंबे लागले. लिंबाएवढे, दोऱ्यांनी भरलेले आणि असे आंबट की आईने एक चाखून थेट लोणच्याची बरणी काढली.

नर्सरीवाल्याला मी मनातल्या मनात बरीच वर्षं शिव्या घातल्या. पुढे दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलेला एक मित्र घरी आला, बुंध्याशी बसला आणि त्याने जोडाची जुनी गाठ बोटाने दाखवली. फांदी गाठीच्या खालून आली होती. केसर त्या उन्हाळ्यातच गेला होता, मी नऊ वर्षं वाढवला तो खुंट. रायवळ! चूक पूर्णपणे माझी होती, आणि मला वाटतं "कलम लावलं आणि आंबट निघालं" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी हेच झालेलं असतं.

म्हणून जोड जमिनीच्या वर, नीट दिसेल असा ठेवा. त्याच्या खालून येणारी प्रत्येक फूट कोवळी असतानाच नखाने काढा. पहिली दोन वर्षं दर महिन्याला वाकून बघा. जोडावरची प्लास्टिकची पट्टीही वेळेत सोडा, नाहीतर ती खोडात रुतते आणि वाऱ्यात झाड तिथेच मोडतं. खोटी जात विकणारे नसतातच असं मी म्हणत नाही. तेव्हा कृषी विद्यापीठाच्या किंवा सरकारमान्य रोपवाटिकेतून पावती घेऊन कलम घ्यावं, रस्त्याकडेच्या टेम्पोतून घेऊ नये.

"पणजोबांनी कलमं घेतली नव्हती."

कोकणातल्या, गोव्यातल्या पणजोबांनी नक्की घेतली होती. हापूस हे नावच अफोन्सोवरून आलेलं. पोर्तुगीज काळात गोव्यात पाद्र्यांनी निवडक झाडांची कलमं बांधली. मानकुराद, मुसराद, फर्नांदीन ही नावं त्या मुलखाची साक्ष देतात. आज देवगड-रत्नागिरीत उभं असलेलं प्रत्येक हापूसचं झाड कलमावरून कलम, त्यावरून पुन्हा कलम असं चालत आलेलं आहे. मध्ये एकदा जरी कुणी "कोयच लावू" म्हटलं असतं, तर तिथे हापूसची साखळी तुटली असती.

आता निरोपात न लिहिलेलं, पण गृहीत धरलेलं एक विधान: घरी लावायचा तर हापूसच. माझं मत विचाराल तर कोकणाबाहेर हा हट्ट सोडावा. हापूसला किनाऱ्याची दमट हवा आणि जांभा मानवतो. घाटावर तो जगतो, वाढतो, सावली देतो आणि फळाच्या बाबतीत रुसून बसतो. कोकणातसुद्धा तो बहुधा वर्षाआड फळतो आणि वरून सुंदर दिसणाऱ्या फळात साका, म्हणजे गरात पांढरट, स्पंजासारखा खराब भाग निघतो. पुणे, नगर, मराठवाडा इथे केसर लावा. जुनागढचा हा आंबा कोरड्या हवेत छान रुळला आहे, मराठवाडा केसरला तर स्वतंत्र भौगोलिक मानांकन आहे. कोकणात घर असेल आणि हापूसचीच चव हवी असेल तर रत्ना बघा: फळ मोठं, साका नाही. जागा अगदीच कमी असेल तर आम्रपाली. दशहरी आणि नीलमच्या या संकराचं झाड बुटकं राहतं, दरवर्षी फळतं आणि अडीच-अडीच मीटरवर लावता येतं, तर हापूसला दहा मीटर लागतात. मोठ्या ड्रममध्ये काही जगवायचं असेल तर तेही आम्रपालीच. कुंडीतला हापूस हा फोटोपुरता. लोणच्याची हौस असेल तर कोकण रुची.

निरोपाखाली उत्तरांत येणारे तोडगे थोडक्यात. खोडाला खिळे मारून मोहर येत नाही, त्या जखमांत भिरूड (खोड पोखरणारा किडा) मात्र अंडी घालतं. मीठ नारळाला चालतं म्हणून आंब्याला चालत नाही. कोरफडीच्या गरात फांदी खोचून महिन्यात कैऱ्या लागलेले व्हिडिओ पाहून हसावं आणि पुढे जावं. आंब्याची तोडलेली फांदी सहसा मुळं धरत नाही, त्या कैऱ्या आधीपासूनच फांदीला होत्या. आणि कल्टार? झाडाची वाढ रोखून मोहर आणणारं ते औषध खरं आहे, कोकणात बागायतदार जुलै-ऑगस्टमध्ये पसाऱ्याच्या दर मीटरला तीन मिली या मापाने मातीत देतात, तेही दहा वर्षांपुढच्या सशक्त झाडांना आणि भरपूर खत देऊन. अंगणातल्या चार वर्षांच्या पोराला ते पाजलं तर त्याची वाढच खुंटते. त्यापेक्षा आंबे उतरवल्या-उतरवल्या हलकी छाटणी करा, पावसाळा संपल्यावर मोहर येईपर्यंत मोठ्या झाडाचं पाणी तोडा आणि कैरी वाटाण्याएवढी झाली की पुन्हा सुरू करा. छाटणी दिवाळीत करू नका, मोहर त्याच शेंड्यांवर यायचा असतो.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा निरोप पाठवणारे तळमजल्यावरचे काका आधी थोडे रागावले, मग मला घेऊन मागच्या अंगणात गेले. त्यांनी गेल्या वर्षी सहा कोयी लावल्या होत्या, चार उगवल्या, त्यातलं एक रोप चांगलं सरळ आणि पेन्सिलीएवढं जाड झालेलं. वर तांबूस पालवी. जुलैत त्याच्यावर जागेवरच कलम बांधायचं ठरलं, डोळकाड्या माझा मित्र आणणार आहे.

"कशाच्या?" काकांनी विचारलं.

"केसरच्या."

काका रोपाकडे बघत थोडा वेळ गप्प राहिले. "आणि एका फांदीवर हापूस नाही का जमणार?"

एका झाडावर तीनशे जाती जमवणारे मलिहाबादचे कलीमुल्ला खान पद्मश्री होऊन बसलेत, तिथे दोन जातींना नाही कसं म्हणू. जमेल म्हटलं.