तेरावा झाला, आता पुढे काय?

आपल्याकडे माणूस गेला की तेरा दिवस घर भरलेलं असतं. शेजारचे पिठलंभात आणून देतात, पाहुणे मुक्कामाला राहतात, आणि हे खरंच खूप चांगलं आहे, त्याला मी नावं ठेवत नाहीये. पण तेरावा झाला, सगळे आपापल्या गावी गेले की मागे राहिलेल्या माणसाकडे कोण बघतं?

माझ्या मावशीचे मिस्टर गेल्या वर्षी गेले. महिन्या-दीड महिन्यात ती डेथ सर्टिफिकेटच्या झेरॉक्सचा गठ्ठा पिशवीत घालून बँकेत जायला लागली, पेन्शन, नॉमिनी, गॅस कनेक्शन नावावर करणं, काय काय ते. एक दिवस काउंटरवरच्या माणसाशी व्यवस्थित बोलून सही करायची वेळ आली आणि तिथेच तिला रडू फुटलं. नातेवाईकांचं दोन्हीकडून सुरू, रडली की "आता सावर गं" आणि बाहेर पडली की "हिला काही वाटतं की नाही".

नेदरलँड्सच्या युट्रेक्ट विद्यापीठातल्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी १९९९ साली हेच मांडलंय. माणूस कधी दुःखात असतो, कधी पुढच्या कामाला लागतो, परत दुःखात येतो, आणि ही ये-जा नॉर्मल आहे, त्यातूनच तो सावरतो. ते दुःखाचे पाच टप्पे (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात ना, ते मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडले ते मृत्यूच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांसाठी ते टाइमटेबल नव्हतंच. तरी आपण ते लोकांना लावत बसतो.

रिसर्चमधली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. बहुतेक लोक काउन्सेलरशिवाय सावरतात, त्यांना आपली माणसं पुरतात. सरसकट सगळ्यांना काउन्सेलिंग दिल्याने फार फरक पडत नाही. पण थोड्या लोकांचं दुःख महिनोन् महिने तसंच तीव्र राहतं, रोजचं जगणं अडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत आता हा वेगळा आजार आहे आणि त्यासाठी किमान ६ महिने गेलेले असावे लागतात. त्यावर खास उपचारही आहेत. अमेरिकेत कॅथरिन शिअर यांच्या २००५ च्या अभ्यासात अशा खास थेरपीने ५१ टक्के लोकांना फरक पडला, नेहमीच्या थेरपीने २८ टक्के. म्हणजे "वेळ हेच औषध" हे सगळ्यांना लागू नाही!

आता बघा, ज्याला खरी गरज आहे तो सहा महिन्यांनी ओळखू येणार आणि आपली सगळी मदत तेराव्या दिवशी संपलेली. मला मनापासून वाटतं की हॉस्पिटलने बिल घेऊन बॉडी ताब्यात दिली की विषय संपला असं करू नये, सहा महिन्यांनी घरच्यांना एक फोन करावा, झोप लागते का, जेवण जातं का, घराबाहेर पडता का एवढं विचारावं. गावात हे काम आशाताईंना देता येईल, पण त्याचं ट्रेनिंग आणि वेगळं मानधन देऊनच, त्यांच्यावर आधीच खूप कामं आहेत. आणि कोणी फारच अडकलेलं दिसलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फ्री आहे, मराठीत बोलता येतं, तुम्ही स्वतः लावून त्यांच्या हातात फोन द्या.