‘नुसतं मायग्रेट केलं आणि पळायला लागलं’ : एका प्रतिक्रियेला जरा लांबलेलं उत्तर

सर, (तुम्ही नाव लिहिलेलं नाहीये, पण ‘२२ वर्षं ओरॅकल डीबीए’, म्हणजे ओरॅकल डेटाबेस सांभाळणारे, असं लिहिलंय म्हणजे माझ्यापेक्षा सीनियरच, म्हणून सर)

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. आधी राग आला, खोटं कशाला बोलू. मग दुसऱ्या दिवशी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये सव्वा तास अडकलो आणि तिथे शांतपणे विचार केल्यावर लक्षात आलं की त्यातलं निम्मं बरोबर आहे. खाली उत्तर टाईप करायला घेतलं ते संपेचना, म्हणून इथे वेगळं टाकतोय.

ज्यांनी मूळ भांडण वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की सॅपचं जुनं ईसीसी (कंपनीचा हिशोब, स्टॉक, विक्री सांभाळणारं सॉफ्टवेअर) ओरॅकलवरून उचलून हानावर, म्हणजे सॅपच्याच मेमरीत चालणाऱ्या डेटाबेसवर, ठेवलं म्हणजे फक्त खालचा डेटाबेस बदलला, आणि ‘झेड प्रोग्राम सुधारल्याशिवाय काडीचा फायदा होत नाही’ (झेड प्रोग्राम म्हणजे सॅपवर कंपनीने स्वतःसाठी लिहून घेतलेले प्रोग्राम). त्यावर सरांचं म्हणणं असं, की त्यांच्या कंपनीत कोडची एक ओळ न बदलता स्टॉकचा रिपोर्ट ४० मिनिटांवरून २ मिनिटांवर आला, त्यामुळे माझा लेख म्हणजे कन्सल्टंट लोकांनी दुकान चालवण्यासाठी दाखवलेला बागुलबुवा आहे. आणि वर हेही, की मेमरीत डेटा ठेवणाऱ्या डेटाबेसवर धंद्याचा हिशोब सोपवणं हाच वेडेपणा, लाईट गेली की बसा बोंबलत.

आधी माझी चूक. ‘काडीचा फायदा होत नाही’ हे वाक्य चुकीचंच होतं, लिहिताना हात वाहवत गेला. तुमचा रिपोर्ट ४० वरून २ वर आला यात मला जराही आश्चर्य वाटत नाहीये आणि त्याचं कारणही सरळ आहे. स्टॉकचा रिपोर्ट काय करतो, तर मटेरियल डॉक्युमेंटच्या लाखो-करोडो ओळींवरून फिरतो आणि त्यातली प्लांट, मटेरियल, तारीख, क्वांटिटी अशी चार-सहा फील्ड घेऊन बेरजा मारतो. ओरॅकलमध्ये ओळ अख्खी एकत्र ठेवलेली असते, त्यामुळे चार फील्डसाठी आख्खी ओळ डिस्कवरून उचलावी लागते. हानामध्ये एकेक कॉलम वेगळा ठेवलेला असतो, त्यातही प्रत्येक व्हॅल्यू डिक्शनरीत एकदाच आणि कॉलममध्ये तिचा फक्त नंबर, म्हणजे जागा कमी लागते, आणि तो कॉलम अनेक कोअर मिळून एकदम वाचून काढतात. अशा कामात कोडला हात न लावता फरक पडणारच. सॅपचे एक संस्थापक हासो प्लाटनर आणि जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या त्यांच्या इन्स्टिट्यूटमधली मंडळी या कल्पनेमागे लागली ती याच्यासाठीच, आणि २०११ मध्ये हाना सगळ्यांसाठी बाजारात आलं तेव्हाही सुरुवात अशा रिपोर्टिंगच्या कामांपासूनच झाली. ईसीसीसारखा बिझनेस सूट त्याच्यावर चालवायची घोषणा झाली ती पुढे जानेवारी २०१३ मध्ये.

पण सर, तुमच्याच सिस्टिममधले बाकीचे प्रोग्राम बघितलेत का? तुम्ही डीबीए आहात, म्हणजे बफर कॅश हिट रेशो (मागितलेला डेटा डिस्कवर न जाता मेमरीतच सापडण्याचं प्रमाण) हा शब्द तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा उच्चारला असेल. चांगल्या ट्यून केलेल्या ओरॅकलमध्ये ‘की’ (ओळ ओळखायचा नंबर) देऊन एक ओळ मागितली तर ती बहुतेक वेळा मेमरीतूनच यायची ना? मग हानाने नवीन काय दिलं? ती ओळ आधीही रॅममधून येत होती, आताही रॅममधूनच येते. आणि आपल्याकडचे झेड प्रोग्राम कसे असतात ते आपण दोघंही जाणतो, बाहेर लूप, आत सिलेक्ट सिंगल (डेटाबेसकडून एक ओळ मागणं), त्याच्या आत आणखी एक लूप आणि त्याच्या आत अजून एक सिलेक्ट. समजा ५ लाख ओळींवर असा लूप फिरला आणि प्रत्येक सिलेक्टला अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवरून डेटाबेसला जाऊन परत यायला अर्धा मिलिसेकंद लागला तरी २५० सेकंद नुसते ये-जा करण्यात गेले, डेटाबेस कितीही पळो. त्यात आणखी सिलेक्ट स्टार, म्हणजे ओळीतली सगळी फील्ड मागणं. बीएसईजी या अकाउंटिंगच्या टेबलला तीनशेच्या वर फील्ड आहेत, हवी असतात तीन, मागतो सगळी, कारण टाईप करायला सोपं. ओरॅकलमध्ये ओळ एकत्रच असायची म्हणून ते खपून जायचं, कॉलमवाल्या डेटाबेसमध्ये मात्र ती ओळ तीनशे ठिकाणांहून गोळा करून परत जोडावी लागते. असे काही प्रोग्राम हानावर आल्यावर चक्क आधीपेक्षा हळू चालताना मी स्वतः बघितलेत. तिथे आणखी मेमरी घालणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

बरं, हे झालं स्पीडचं, आणि खरं सांगायचं तर स्पीड हा माझा मुख्य मुद्दाच नव्हता, मागच्या लेखात मी तो नीट मांडला नाही ही आणखी एक चूक. हळू चालणारा प्रोग्राम निदान दिसतो, युजर फोन करून शिव्या देतो. मला भीती वाटते ती पटकन चालून चुकीचं उत्तर देणाऱ्या प्रोग्रामची. त्याचा एक किस्सा सांगतो, कंपनीचं नाव घेत नाही.

२०१६ च्या आसपासची गोष्ट. ईसीसी तसंच ठेवून फक्त खाली हाना आणायचं असं ठरलं होतं, म्हणजे सूट ऑन हाना, एस/४ (ईसीसीची पुढची पिढी) नव्हे. शनिवार-रविवार कटओव्हर (जुन्यावरून नव्यावर जाणं), आम्ही सगळे ऑफिसातच, पोहे-चहा-पिझ्झा जे मिळेल ते. सोमवारी सकाळी सिस्टिम चालू, सगळे खूष, टाळ्याबिळ्या झाल्या. बुधवारी सेल्सच्या एका बाईंचा फोन, ‘अहो, तुमच्या रेट स्टेटमेंटमध्ये या पार्टीला त्या पार्टीचा रेट का दिसतोय?’ प्रोग्राम दहा वर्षं जुना, लिहिणारा केव्हाच अमेरिकेला गेलेला. उघडून बघितला तर कोनव्ही टेबलवरून, म्हणजे जिथे प्रायसिंग कंडिशन असतात तिथून, डेटा उचललाय, सॉर्ट न करता थेट त्याच्यावर बायनरी सर्चने (दर वेळी टेबल निम्मं करत शोधत जाणं) रीड मारलाय. आता बायनरी सर्च चालतो तो फक्त सॉर्ट केलेल्या टेबलवर, हे पहिल्या आठवड्याच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात. मग दहा वर्षं हे चाललं कसं? तर कोनव्ही हे ओरॅकलवर क्लस्टर टेबल (अनेक ओळी एकत्र बांधून ठेवणारं) होतं आणि क्लस्टर टेबलमधून ओळी यायच्या त्या आपसूक प्रायमरी कीच्या क्रमाने. हानावर आलं की क्लस्टर टेबलं मोडून साधी टेबलं होतात, आणि ऑर्डर बाय लिहिलेलं नसेल तर ओळी कुठल्या क्रमाने येतील याची कसलीही हमी नाही. क्रम बिघडला, बायनरी सर्चला काही ओळी सापडेनात, आणि प्रोग्राममध्ये ओळ सापडली की नाही हे न तपासता पुढे जायचं कोडिंग, वर्क एरियाही (सापडलेली ओळ ठेवायची जागा) क्लिअर केलेला नाही, म्हणून आधीच्या पार्टीचा रेट तसाच पुढच्या पार्टीला चिकटला.

डंप (प्रोग्राम मधेच बंद पडणं) नाही, एरर नाही, लाल दिवा नाही. रिपोर्ट मात्र मस्त पळत होता, आधीपेक्षा चौपट फास्ट.

आणि टेस्टिंगमध्ये का नाही सापडलं विचाराल तर क्वालिटी सिस्टिममध्ये डेटाच एवढासा होता की ओळी योगायोगाने क्रमाने आल्या. सगळ्यात लाज वाटण्यासारखी गोष्ट ही की कोड इन्स्पेक्टरच्या, म्हणजे कोडमधल्या चुका शोधणाऱ्या सॅपच्या टूलच्या, फंक्शनल डीबी चेकमध्ये ही ओळ आली होती. यादीत होती! पण यादी हजाराच्या वर, गो-लाईव्हची तारीख डोक्यावर, कुणीतरी म्हणालं की हा प्रोग्राम आता कोणी वापरत नाही, आणि आम्ही त्याला सूट देऊन टाकली. तो ‘कुणीतरी’ मीच होतो, मागच्या लेखात हे लिहायचं धाडस झालं नव्हतं.

म्हणून आता मी कुठेही गेलो की पहिली गोष्ट ही मागतो की प्रॉडक्शनमध्ये निदान दोन-तीन महिने, त्यात एक क्वार्टर एंड आलाच पाहिजे, एससीमॉन आणि एसक्यूएल मॉनिटर (काय काय चालतं ते नोंदवणारी सॅपची टूल्स) चालू ठेवा. कुठले झेड प्रोग्राम खरंच चालतात ते मशीनला सांगू दे, माणसाच्या आठवणीवर जाऊ नका. मग जे चालतच नाहीत ते सरळ डिलीट, आणि जे चालतात त्यातले ऑर्डर बाय नसलेले सिलेक्ट आधी दुरुस्त, मग लूपमधले सिलेक्ट, आणि हाना आहे म्हणून सगळं सीडीएस व्ह्यू आणि एएमडीपीत (हिशोब डेटाबेसमध्येच करून घ्यायच्या नव्या पद्धती) नव्याने लिहायचा उत्साह सगळ्यात शेवटी, तोही दहा-पंधरा प्रोग्रामपुरताच. यात दुकान चालवण्यासारखं काय आहे सांगा, उलट अर्धं काम कमीच होतं. ओरॅकलचे हिंट (डेटाबेसला दिलेल्या सूचना) आणि रोनम, कनेक्ट बाय वगैरे ओरॅकलचेच शब्द घातलेलं नेटिव्ह एसक्यूएल हेही बघावं लागतं, पण त्याची मला तेवढी काळजी नाही, कारण हिंटकडे हाना लक्षच देत नाही आणि ते बाकीचं धडधडीत डंप होतं, म्हणजे लगेच कळतं.

आता लाईट जाण्याचं. सर, रागावू नका पण एवढी वर्षं रीडू लॉग (प्रत्येक बदलाची डिस्कवरची नोंद) सांभाळलेल्या माणसाकडून हे अपेक्षित नव्हतं :) हानातही कमिट झाला (बदल पक्का झाला) म्हणजे लॉग डिस्कवर लिहून झालेला असतो, त्याशिवाय कमिट परतच येत नाही. शिवाय मुळातल्या सेटिंगप्रमाणे दर ५ मिनिटांनी सेव्हपॉईंट पडतो, म्हणजे तोवर बदललेली पानं डिस्कवर जातात. प्लग खेचला तरी चालू झाल्यावर शेवटचा सेव्हपॉईंट उचलायचा आणि त्यापुढचा लॉग परत चालवायचा, जे तुमचं ओरॅकल करतं तेच. डेटा जात नाही. जातो तो वेळ, कारण टेबलं परत मेमरीत चढवावी लागतात आणि डेटाबेस टेराबाईटमध्ये असेल तर रीस्टार्टनंतरचा पहिला अर्धा-पाऊण तास युजरला सिस्टिम झोपेतून उठल्यासारखी वाटते. तुम्ही हा मुद्दा काढला असता तर मी मान डोलावली असती.

आणि जातो पैसा. इथे मात्र मी पूर्ण तुमच्या बाजूने. मेमरीत डेटा जेवढा बसेल साधारण तेवढीच आणखी मेमरी त्याच्यावर काम करायला मोकळी लागते, म्हणजे काँप्रेस होऊन १ टेराबाईट उरला तरी मशीन २ टेराबाईटचं धरा, आणि काही प्रकारच्या लायसनचा हिशोबही मेमरीवरच. त्यामुळे हलायच्या आधी माळा साफ करणं भाग आहे, जुने आयडॉक (दुसऱ्या सिस्टिमशी देवाणघेवाण केलेले निरोप), चेंज डॉक्युमेंट, वर्कफ्लोचे लॉग, अ‍ॅप्लिकेशन लॉग, हे सगळं रॅममध्ये बसवायला निघालात तर सोन्याच्या डब्यात रद्दी ठेवल्यासारखं होईल. पार्टिशन न केलेल्या एका टेबलात २१४ कोटींच्या वर ओळी मावत नाहीत हेही मोठ्या कंपन्यांना ऐनवेळी आठवतं.

राहिलं ‘चालू आहे ते का हलवायचं’. याचं टेक्निकल उत्तर माझ्याकडे नाही, कारण हा टेक्निकल प्रश्नच नाही. एस/४ फेब्रुवारी २०१५ मध्ये आलं आणि ते फक्त हानावर चालतं, ओरॅकलवर नाहीच. ईसीसी ६ चा नेहमीचा मेंटेनन्स आधी २०२५ पर्यंतच होता, २०२० मध्ये तो नव्या एन्हान्समेंट पॅकसाठी २०२७ अखेरपर्यंत वाढवला, आणि जास्तीचे पैसे मोजले तर २०३०. तसं ओरॅकलनेही २०१४ मध्ये स्वतःचं इन-मेमरी ऑप्शन काढलं आणि तुमचा तोच रिपोर्ट कदाचित तिथल्या तिथे पळाला असता, पण पुढच्या गाडीत बसायचं तर या फलाटावर यावंच लागणार. याला तुम्ही दादागिरी म्हणालात, मी म्हणेन व्यापार, पण भांडण्यात अर्थ नाही.

मागच्या लेखातलं ते ‘काडीचा फायदा’वालं वाक्य खोडून तिथे तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख केलाय. आता तुम्ही एक करा. जुनं ओरॅकल बंद करायच्या आधी महिन्याच्या शेवटाचे काही झेड रिपोर्ट एक्सेलमध्ये काढून ठेवले असतील, सहसा ऑडिटवाले मागतात म्हणून असतातच. त्याच महिन्याचे, त्याच व्हेरिएंटने (साठवून ठेवलेल्या निवडीने), आज हानावर परत काढा आणि नुसती शेवटची बेरीज नको, ओळ न् ओळ ताडून बघा. काही सापडलं तर इथे लिहा, नाही सापडलं तरी लिहा, मी तेही लेखात टाकतो.