प्रत्येक तारखेला आरोपीने हजर राहायलाच हवं का?

‘फौजदारी केस लागली की प्रत्येक तारखेला स्वतः उभं राहावंच लागतं. एक तारीख चुकली की अटक. नव्या कायद्याने तर सवलतच काढली. हजेरीतून माफी मिळते ती पुढाऱ्यांना.’ व्हॉट्सॲपवर फिरणारा हा मजकूर वाचून लोक घाबरतात आणि चेक बाऊन्सच्या केसपायी दर तारखेला मजुरी बुडवून एसटीने शंभर मैल जातात. म्हणून हे लिहितो आहे.

‘प्रत्येक तारखेला’ हे चूक. समन्स काढतानाच मॅजिस्ट्रेट आरोपीला वकिलामार्फत हजर राहू देऊ शकतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम २०५ होतं. खटला चालू असताना माफी द्यायची तरतूद ३१७ मध्ये होती.

‘सवलत काढली’ हे तर धडधडीत खोटं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तीच कलमं २२८ आणि ३५५ या क्रमांकांनी आहेत. उलट ३५५ मध्ये व्हिडिओवरची हजेरीही हजेरीच धरली आहे.

राहिला पुढाऱ्यांचा मुद्दा. भास्कर इंडस्ट्रीज विरुद्ध भिवानी डेनिम हा २००१ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल चेकच्याच केसमधला आहे. आरोपी फार लांब राहत असेल, आजारी असेल किंवा दुसरं सबळ कारण असेल, तर अगदी पहिल्या तारखेपासून माफी देता येते, असं त्यात म्हटलं आहे. मात्र आरोपीने लिहून द्यायचं, की आरोपी मीच, ओळखीबद्दल वाद घालणार नाही; माझा वकील हजर राहील; माझ्या गैरहजेरीत पुरावा नोंदवायला हरकत नाही. यात पद कुठेच येत नाही. माफी हा हक्क नव्हे, कारण पटवावं लागतं, एवढं खरं.

अटकेच्या भीतीत मात्र तथ्य आहे. पुकारा झाला, आरोपी नाही, वकील नाही, अर्जही नाही, तर वॉरंट निघू शकतं. ते पुढच्या तारखेला आपोआप संपत नाही. कोर्टाने रद्द करेपर्यंत किंवा बजावलं जाईपर्यंत जिवंत राहतं. आजारपणात वकील देतात तो अर्ज बहुधा त्या दिवसापुरताच असतो. कायम माफीचा अर्ज वेगळा, आणि त्यावर कोर्टाचा हुकूम झाला आहे का, हे वकिलांना विचाराच. हुकूम असला तरी कोर्ट कधीही बोलावू शकतं, आणि त्या तारखेला जावंच लागतं.