'विदाउट यू' पीट हॅम आणि टॉम एव्हन्सचं आहे

परवा लेकीने गाण्याच्या क्लासच्या कार्यक्रमासाठी 'विदाउट यू' निवडलं. निवेदनाचा कागदही तिनेच लिहिला होता, त्यावर एकच ओळ : 'मूळ गायिका – मराया कॅरी'. मी ती ओळ खोडली, आणि मग जेवणाची ताटं उचलायची सोडून आम्ही दोघं तासभर एकाच गाण्याची तीन रूपं ऐकत बसलो. तेव्हा जे बोललो ते इथे लिहितोय, कारण ही चूक तिची एकटीची नाही. १९९४ साली हॉस्टेलच्या खोलीत मरायाच्या 'म्युझिक बॉक्स' अल्बमची कॅसेट झिजेपर्यंत वाजवताना माझीही हीच समजूत होती.

हे गाणं बॅडफिंगर नावाच्या ब्रिटिश बँडचं. पीट हॅम वेल्समधल्या स्वान्सीचा, टॉम एव्हन्स लिव्हरपूलचा. बीटल्सच्या ॲपल कंपनीने या पोरांना घेतलं होतं. १९७० साली त्यांचा 'नो डाइस' हा अल्बम आला, त्याच्या पहिल्या बाजूला अगदी शेवटी हे गाणं आहे. सिंगल म्हणून त्यांनी ते काढलंसुद्धा नाही.

आणि ते एका गाण्यातून नाही, दोन अर्धवट गाण्यांतून झालंय. हॅमकडे कडवी होती. एका संध्याकाळी त्याने मैत्रिणीला बाहेर न्यायचं कबूल केलं होतं आणि त्याच वेळी गाण्याचं काम निघालं. ती हसून जा म्हणाली, पण डोळ्यांतलं दुःख काही लपलं नाही. ते हसू आणि ते डोळे तसेच्या तसे कडव्यात आले. कडव्याला शोभेल असं ध्रुवपद मात्र त्याला सुचत नव्हतं. तिकडे एव्हन्सकडे नुसतं ध्रुवपद पडून होतं. त्याची होणारी बायको त्याला सोडून जर्मनीत बॉनला गेली, हा तिच्या मागोमाग गेला, आणि तुझ्याशिवाय जगणं शक्य नाही एवढंच म्हणणारं ते ध्रुवपद झालं. दोघांनी आपापले तुकडे जोडले. कडव्यात एकाचा अपराधीपणा आणि ध्रुवपदात दुसऱ्याची तडफड, असं हे गाणं आहे.

मूळ रेकॉर्डिंगमध्ये हा सांधा ऐकू येतो, आणि म्हणूनच मला ते सगळ्यात जवळचं वाटतं. हॅम कडवं म्हणतो ते शेजारच्या खुर्चीवर बसून बोलल्यासारखं. ध्रुवपद आलं की आपला कान सवयीने वर बघतो, आता आवाज चढणार म्हणून. तो चढत नाही. त्याच उंचीवर सोबतीचे आवाज येऊन मिळतात, मागे ऑर्गन आणि गिटार, बस्स. लेक म्हणाली, "बाबा, हे वर का जात नाहीत?" मी ते पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा ऐकताना ती काही बोलली नाही.

अमेरिकन गायक हॅरी निल्सनने हे गाणं एका पार्टीत ऐकलं आणि त्याला ते बीटल्सचंच वाटलं. १९७१च्या 'निल्सन श्मिल्सन'मध्ये त्याने ते घेतलं, निर्माता रिचर्ड पेरी. सुरुवातीला एकटा पियानो, मग हळूहळू व्हायोलिनं भरत जातात, आणि ध्रुवपद एकदा खालच्या सुरात म्हणून झाल्यावर तो तेच एकदम वरच्या सप्तकात नेतो. ती जागा आली की आजही माझ्या अंगावर काटा येतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. १९७२मध्ये हे गाणं अमेरिकेत ४ आठवडे आणि ब्रिटनमध्ये ५ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, त्याला ग्रॅमीही मिळालं. पण निल्सनने या गाण्याला एक शिखर दिलं, आणि पुढचे बहुतेक गायक त्या शिखराकडे बघूनच गायले. मरायाही मूळ गाण्यावरून नव्हे, निल्सनवरून गायली. तिचा गळा अफाट आहे, त्यात वादच नाही. तिच्या हरकती, मागचा समूहस्वर, सगळं देखणं. मला खटकतं ते एवढंच, की तिथे दुःखाआधी गळा ऐकू येतो. जानेवारी १९९४मध्ये निल्सन गेला आणि त्याच महिन्यात तिचं सिंगल बाजारात आलं. ब्रिटनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं.

हे दिवस बघायला गाणं लिहिणाऱ्या दोघांपैकी कोणीच उरलं नव्हतं. बँडच्या पैशाचे व्यवहार मॅनेजरच्या हातात होते. गाणी जगभर वाजत होती आणि पोरांच्या हाती जवळपास काहीच येत नव्हतं. शेवटी बँडसाठी दिलेल्या आगाऊ रकमेचा हिशेब लागेना म्हणून ॲपलनंतरची त्यांची रेकॉर्ड कंपनी कोर्टात गेली आणि त्यांचा नवा अल्बम दुकानांतून मागे घेतला गेला. एप्रिल १९७५मध्ये पीट हॅमने स्वतःचं आयुष्य संपवलं. अठ्ठाविसाव्या वाढदिवसाला तीन दिवस बाकी होते, महिनाभराने त्याला मुलगी झाली. याच गाण्याच्या रॉयल्टीवरून जुन्या साथीदारांत भांडणं चालूच राहिली, आणि नोव्हेंबर १९८३मध्ये टॉम एव्हन्सही त्याच वाटेने गेला.

हे कळल्यापासून कुणी 'मरायाचं गाणं' म्हटलं की मला गप्प बसवत नाही. आपण आकाशवाणीवर वाढलेली माणसं आहोत. गाणं कितीही लहान असो, निवेदिका आधी कवीचं नाव सांगायची, मग संगीतकाराचं, मग गायकाचं. मला खेबुडकर आणि खळेकाका कळले ते त्या एका ओळीतून, कुठल्या पुस्तकातून नाही. आज फोनवर गाणं लावलं की गायकाचा फोटो दिसतो आणि लिहिणाऱ्यांची नावं शोधत आत शिरावं लागतं. कव्हर गाणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. गाणं दुसऱ्याच्या गळ्यात गेलंच पाहिजे, त्याशिवाय ते टिकत नाही. पण ते कोणाच्या घरून आलंय हे गाण्याआधी सांगायला हवं. कार्यक्रमात, रीलखाली, अगदी चार मित्रांत बसून गायलं तरी.

लेकीने पट्टी दोन सुरांनी खाली घेतली आहे. ध्रुवपद वर न्यायचं की नाही, हे अजून तिचं ठरत नाहीये. रोज वेगळं गाते. कागद मात्र नवा लिहिलाय : शब्द आणि संगीत – पीट हॅम, टॉम एव्हन्स. निवेदन करणाऱ्या मुलीला 'एव्हन्स'चा उच्चार तेवढा उद्या क्लासला गेल्यावर सांगायचाय.