‘सगळ्यांनाच थोडा ओसीडी असतो’ : नाही, नसतो

दर काही महिन्यांनी एकाच आशयाचा मजकूर व्हॉट्सॲपवर नव्यानं फिरू लागतो. कुलूप लावून पुन्हा ओढून बघता, चपला जोडीनं लावता, हात सारखे धुता, मूल ठरावीक वाटीशिवाय जेवत नाही? मग तुमच्या घरात ओसीडी आहे. (ओसीडी म्हणजे मंत्रचळ : नकोसे विचार पुन्हा पुन्हा येणं आणि ते शमवायला तीच ती कृती करत राहणं, असा मनाचा आजार.) लगेच दिलासा : घाबरू नका, सगळ्यांनाच थोडा असतो. आणि शेवटी उपाय : मुलांचे हट्ट लहानपणीच मोडा, मोठ्यांनी मन खंबीर करा, घरच्यांनी धीर देत राहा.

मी समुपदेशनाचं काम करते. हा मजकूर वाचून धास्तावलेले आईबाप माझ्याकडे येतात. ज्यांना खरंच आजार आहे ते मात्र हाच मजकूर वाचून ‘सगळ्यांनाच असतं’ म्हणत यायचं टाळतात. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी कुलूप. निघताना ते ओढून बघणं, गॅस बंद केला ना म्हणून एकदा आत डोकावणं, ही साधी काळजी आहे. मनात भलतेसलते विचार येणं हीसुद्धा रोजची गोष्ट आहे. १९७८ मध्ये लंडनला स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा यांनी कुठलाही आजार नसलेल्या माणसांना विचारलं, की नकोसे, विचित्र, भीती वाटणारे विचार मनात येतात का. सुमारे ८० टक्के लोक हो म्हणाले. हातातली सुरी बाळाला लागली तर, आपणच कुणाला रुळांवर ढकललं तर, असं काहीबाही धडधाकट माणसाच्याही मनात येतं. येतं आणि जातं.

आजारात ते जात नाही. माझ्याकडे येणाऱ्या एक बाई शेगडीची चारही बटणं एकेक करून बोटानं दाबतात, रेग्युलेटरला हात लावतात आणि प्रत्येक वेळी तोंडानं ‘बंद’ म्हणतात. मध्येच कुणी हाक मारली की पुन्हा पहिल्या बटणापासून. फोनमध्ये रेग्युलेटरचे फोटो काढून ठेवलेत. बसमध्ये बसल्यावर तो फोटो उघडतात, आणि मग वाटतं, हा कालचा तर नाही? की उतरल्या पुढच्या स्टॉपवर. गॅस बंद आहे हे त्यांना डोळ्यांनी दिसतं, पण खात्री म्हणून जी आपल्याला फुकट मिळते, ती त्यांना मिळत नाही. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या नियमावलीनुसार असे विचार आणि कृती यांत दिवसाचा तासाहून अधिक वेळ जात असेल, किंवा त्यापायी माणूस फार त्रासला असेल, कामधंदा आणि नाती कोलमडत असतील, तरच त्याला ओसीडी म्हणायचं. या बाईंना ‘अगं, मलाही होतं तसं’ म्हणणं म्हणजे त्यांचं दुखणं पुसून टाकणं आहे.

शिवाय आजार नेहमी हातातूनच दिसतो असंही नाही. मनातल्या मनात आकडे मोजणारी, देवाबद्दल किंवा स्वतःच्या लेकराबद्दल वाईट विचार आला म्हणून तासन्‌तास माफी मागणारी माणसं शेजारी बसलेल्यालाही कळत नाहीत. चपलांच्या जोडीवरून त्यांचा पत्ता कसा लागणार?

टापटिपीबद्दल फार लिहीत नाही. ज्याला नीटनेटकं आवडतं त्याला ते करून बरं वाटतं, एवढं पुरे.

त्या मजकुराखाली हमखास एक प्रतिक्रिया असते, की आमच्या आजीचं सोवळं म्हणजे ओसीडीच. हे मला पटत नाही. सोवळ्याला नियम असतो आणि तो संपतो. आंघोळ झाली, सोवळं नेसलं, नैवेद्य झाला, की आजी मोकळी. (सोवळ्यामागे जातीचा विटाळ होता आणि तो वाईटच होता, पण वाईट रूढी वेगळी आणि आजार वेगळा.) आजारात नियम वाढत जातात. आज नळ धुवायचा, उद्या नळ धुतलेला हात धुवायचा, परवा तो हात ज्या टॉवेलला लागला तो टॉवेल. मला जास्त काळजी उलट बाजूची वाटते. न्हाणीघरात दोन-दोन तास अडकलेल्या, हातांची सालं निघालेल्या सुनेला घरचे कौतुकानं ‘फार सोवळ्याची’ म्हणतात, आणि मंत्रचळ दहा वर्षं धर्माच्या नावाखाली झाकला जातो.

आता मुलं. अडीच वर्षांच्या पोराची पोळी आईनं मोडून दिली. पोर जमिनीवर लोळतंय. दुसरी अख्खी पोळी दिली तरी नको, तीच जोडून हवी. निळी वाटी, गोष्टीतलं तेच वाक्य, झोपताना आधी बाबा आणि मग आई, लिफ्टचं बटण मीच दाबणार. हे आजाराचं लक्षण नाही, वयाचं आहे. येल विद्यापीठात अर्नोल्ड गेझेल यांनी शंभरेक वर्षांपूर्वीच या वयाच्या मुलांचे असे विधी टिपून ठेवले होते. १९९७ मध्ये डेव्हिड इव्हान्स, जेम्स लेकमन आणि सहकाऱ्यांनी सुमारे दीड हजार पालकांकडून माहिती घेतली, तेव्हा दोन ते चार वर्षांच्या मुलांत हा काटेकोरपणा सर्वांत जास्त दिसला. त्याहून मोठ्या मुलांत तो कमी होता. या वयात घड्याळ कळत नाही, ‘नंतर’ म्हणजे किती ते कळत नाही. कशानंतर काय, हा क्रमच त्यांचं घड्याळ असतो. तो मोडला की पुढचं सगळं अंधारात जातं.

म्हणून ‘हट्ट मोडा’ हा सल्ला मला निर्दय वाटतो. मुद्दाम वाटी लपवून पोराला रडवून काहीही साधत नाही. जमेल तिथे क्रम पाळा, जमणार नसेल तर आधी सांगा, रडलं तर जवळ घ्या. लक्ष द्यायचं ते वेगळ्या ठिकाणी. नावानं हाक मारली तरी मूल बघत नाही, बोटानं दाखवून काही मागत-सांगत नाही, बोलणं मागे पडलंय आणि जोडीला हा काटेकोरपणा, तर बालविकासतज्ज्ञांकडे जा; ते ऑटिझमची तपासणी करतील. आणि शाळेतलं मूल वहीचं पान फाटेस्तोवर खोडत असेल, ‘आई, तुला काही होणार नाही ना’ हे रात्रीतून वीसदा विचारत असेल, तर थांबू नका. ओसीडी लहानपणीही सुरू होतो, पण मूल त्या कृती मजेनं करत नाही, घाबरून करतं.

राहिला धीर देण्याचा मुद्दा, आणि याच चुकीची किंमत सगळ्यांत मोठी आहे. ‘बंद आहे गॅस, मी बघितला’ असं नवरा दहादा सांगतो ते प्रेमानंच. पण खाजवल्यावर खाज वाढावी तसं होतं : दोन मिनिटं बरं वाटतं आणि अकराव्यांदा विचारावंसं वाटतं. मन खंबीर करूनही हे जात नाही. खंबीर नसती तर ती बाई रोज बसमधून उतरून पुन्हा कामावर गेली नसती. १९६६ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधल्या व्हिक्टर मेयर यांनी वेगळी वाट दाखवली, आणि आजची मुख्य उपचारपद्धत तिच्यावरच उभी आहे. ज्याची भीती त्याला टप्प्याटप्प्यानं सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. दाराला हात लावायचा आणि धुवायचा नाही. भीती चढते, चढते आणि न धुताही उतरते. हे शरीरानं अनुभवावं लागतं, सांगून कळत नाही. यात घरच्यांचं काम उत्तर देण्याचं नसतं. ‘तुला भीती वाटतेय, मी इथेच बसते’ एवढंच म्हणायचं.

औषधंही आहेत. पण त्यांचा गुण कळायला दहा-बारा आठवडे लागू शकतात, आणि तिसऱ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून गोळ्या बंद करणारे मी फार बघितलेत. तसं करू नका, डॉक्टरांशी बोला. कुठून सुरुवात करावी कळत नसेल, तर मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, आणि तिथे मराठीतून बोलता येतं.