‘शर्यत पाय जिंकतात, सायकल नाही’ म्हणणाऱ्यांना

सायकलिंगच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय: ‘शर्यत पाय जिंकतात, सायकल नाही. मर्क्सने साध्या स्टीलच्या सायकलवर विक्रम केला. सायकल-हेल्मेट असल्या सामानाने पडलाच तर नावापुरता फरक पडतो. बाकी सगळी हरणाऱ्यांची सबब.’

आधी बेल्जियमचा दिग्गज सायकलपटू एडी मर्क्स, त्याचंच घेऊ. विक्रम म्हणजे एका तासात जास्तीत जास्त अंतर कापण्याचा. 1972 साली मेक्सिको सिटीत त्याने तासाभरात 49.431 किलोमीटर कापले. सायकल स्टीलची होती, पण साधी मुळीच नव्हती. इटलीतला सायकल बनवणारा कोलनागो, त्याने ती खास त्या एका तासासाठी बांधली होती, वजन पावणेसहा किलोच्या आसपास. ग्रॅम-ग्रॅम वाचवायला चेनलासुद्धा भोकं पाडलेली. आणि विरळ हवा कापायला सोपी, म्हणून तर तो इतक्या उंचावरच्या शहरात गेला होता.

‘नावापुरता फरक’? ब्रिटनच्या क्रिस बोर्डमनने 1996 मध्ये हात पुढे सरळ ताणून, खास सायकलवर तासात 56.375 किलोमीटर मारले. पुढे नियम बदलले. 2000 मध्ये तोच माणूस मर्क्सच्या काळातल्यासारखी सायकल घेऊन उतरला आणि भरले 49.441 किलोमीटर. मर्क्सपेक्षा फक्त 10 मीटर जास्त! चार वर्षांत वय वाढलं, दम कमी झाला हे धरलं तरी जवळपास 7 किलोमीटर एकट्या पायांच्या खात्यावर कसे टाकणार?

1989 च्या टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवसही आठवा. व्हर्साय ते पॅरिस, 24.5 किलोमीटर, प्रत्येकाने एकट्याने घड्याळाविरुद्ध. फ्रान्सचा फिन्यों तोवरच्या एकूण वेळेत 50 सेकंदांनी पुढे, पण डोकं उघडं, मागे शेंडी उडतेय. अमेरिकेच्या लेमाँडने हँडलवर एरोबार, म्हणजे कोपरं टेकून पुढे वाकायचे दांडे, लावलेले, कोपरं आत, डोक्यावर निमुळतं हेल्मेट. त्याने टूर 8 सेकंदांनी जिंकली. फिन्योंला बसायच्या जागी गळवाचा त्रास होता, हे खरं. तरीही 8 सेकंद!

वजनाबाबत मात्र मेसेजवाल्यांचं बरंचसं बरोबर आहे. लाखभर रुपये घालून किलोभर कमी केलं, तर तासाभराच्या चढावर पाऊण मिनिटही वाचत नाही. सपाटीवर ताशी 40 च्या पुढे बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि हवा अडवतं मुख्यतः आपलं शरीर. म्हणून आधी मापाची सायकल, बसण्याची ठेवण, अंगाबरोबर बसणारे कपडे, चांगले टायर.

‘सबब’ या शब्दाचा मला राग येतो. मागच्या हंगामात एका स्पर्धेत उसनी, दोन मापं मोठी सायकल घेऊन आलेली मुलगी पाहिली. हँडल गाठायला सीटच्या टोकावर सरकलेली, कोपरं ताठ, छाती पूर्ण वाऱ्याला. ती मागे पडली तेव्हा शेजारचा एक जण म्हणाला, ‘पाय कमी पडले.’ तिच्या पायांत किती दम आहे, ते त्या सायकलवर कुणालाच कळलं नसतं.